नाताळला घरचं मांस हवं, तर आधी डुकरांच्या खाण्याचं ठरवा

पत्र: आम्ही वेंगुर्ले तालुक्यात राहतो. घरामागे वीस गुंठे जागा आहे, थोडी कलमं आणि एक विहीर. नाताळला आणि घरच्या कार्यांना डुकराचं मांस लागतंच, पण विकतच्या मांसाची खात्री वाटत नाही. माझे यजमान आता कायमचे गावी आलेत, म्हणून तीन पिल्लं पाळावीत असा विचार आहे. ओळखीचा एक हॉटेलवाला म्हणतो, रोजचं खरकटं फुकट घेऊन जा. सासूबाई म्हणतात, पूर्वी परसातल्या संडासामागेच डुकरं असायची, त्यांच्यावर वेगळा खर्च कोणी करत नव्हतं. शेजाऱ्यांना मात्र वासाची धास्ती आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

ताई, तीन नको, दोन पिल्लं घ्या. एकच पिल्लूही घेऊ नका, कारण एकटं डुक्कर नीट खात नाही आणि सतत बाहेर पडायची धडपड करतं. दोघं असली की चढाओढीने खातात. तिसऱ्याची अडचण साठवणीची आहे. ८५ किलोच्या डुकरातून हाडं-चामडीसकट साधारण ६० किलो मांस निघतं. दोघांचं १२० किलो झालं, तेच घरच्या फ्रीजला झेपणारं नाही, नातेवाइकांत वाटावं लागेल. विकायचं म्हटलं तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आणि मान्य कत्तलखाना लागतो. तो मार्ग वेगळा आहे, पहिल्या वर्षी त्यात शिरू नका.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न खाण्याचा आहे. विकतच्या मांसाची खात्री नाही म्हणून तुम्ही घरी पाळणार. मग घरच्या डुकराने सात महिने काय खाल्लं, याची खात्री तुम्हाला असलीच पाहिजे. हॉटेलचं खरकटं आणि संडासामागची जागा, दोन्हींत ती राहत नाही.

आधी सासूबाईंचं बोलू. गोव्यात आणि दक्षिण कोकणात ती पद्धत होती हे खरंच आहे. पण तिच्यातूनच पट्टकृमीचं चक्र चालू राहतं. माणसाच्या आतड्यात हा कृमी असेल तर त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. डुकराने ती विष्ठा खाल्ली की अळ्या त्याच्या स्नायूंत जाऊन बसतात आणि मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी होतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं की कृमी पुन्हा माणसाच्या आतड्यात. याहून वाईट म्हणजे हीच अंडी घाणेरड्या हातांतून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर गाठी थेट मेंदूत होतात आणि फिट येऊ लागतात. त्यासाठी डुकराचं मांस खाल्लेलं असावं लागत नाही. म्हणून घरातल्या आणि बागेत कामाला येणाऱ्या प्रत्येकाने बंद शौचालयच वापरायचं आणि डुकरं कधीही मोकळी सोडायची नाहीत. कोणाच्या शौचात चपटे पांढरे तुकडे दिसत असतील, तर पिल्लं आणण्याआधी त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या.

हॉटेलच्या खरकट्याला सरळ नाही म्हणा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात दिसला आणि २०२२ मध्ये केरळपर्यंत आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत बहुतेक सगळी दगावतात. आपल्याकडे त्याची लस उपलब्ध नाही, उपचारही नाही. रोगी डुकराच्या मांसात, गोठवलेल्या किंवा खारवलेल्यासुद्धा, त्याचा विषाणू महिनोन्महिने टिकतो. हॉटेलच्या बादलीत असा एक तुकडा पुरे. आणि रोग निघाला, तर तुमच्या दोन डुकरांवर भागत नाही. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या परिसरातली सगळी डुकरं मारावी लागतात, त्यात गावातल्या दुसऱ्या कोणाची पोटापाण्याची असली तरी. शिवाय त्या खरकट्यात दातकोरणी, प्लॅस्टिक, कोंबडीची अणकुचीदार हाडं आणि मीठ असतंच.

मिठाचं वेगळं सांगायला हवं. खारं मासळीचं पाणी किंवा लोणच्याचा खार पोटात गेला आणि त्यात पिण्याचं पाणी कमी पडलं, तर डुक्कर भेलकांडतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, झटके देतं. अशा वेळी एकदम बादलीभर पाणी पाजलं तर मेंदूला सूज येऊन ते मरतं. घोट-घोट पाणी थोड्या थोड्या वेळाने द्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

घरचं उष्टं चालेल, पण त्यात डुकराचं मांस, हाडं, मांस धुतलेलं पाणी यांतलं काहीही नको. बाकीचं मोठ्या पातेल्यात घालून, उकळी आल्यावर अर्धा तास ढवळत शिजवायचं. ढवळलं नाही तर मधला गोळा कच्चा राहतो. थंड झाल्यावर त्याच दिवशी संपवायचं. हिशेबाला एवढं लक्षात ठेवा: अशा पातळ खाण्यात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. चार-पाच किलो उष्टं दिलं, तेव्हा कुठे एक किलो कोरडं खाद्य दिल्यासारखं होतं. नुसत्या उष्ट्यावर आणि पेजेवर डुकराचं पोट सुटतं, पण अंगावर मांस येत नाही, कारण त्यात प्रथिनं पुरेशी नसतात.

म्हणून कोरडं मिश्रण घरीच करा. १०० किलोचं माप देतो. पिल्लू आणल्यापासून ४०-४५ किलोचं होईपर्यंत:

मका भरडा ५० किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा साडेचोवीस किलो, शेंगदाणा पेंड १८ किलो, सुकटीची पूड ५ किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ अर्धा किलो. यात प्रथिनं साधारण १७-१८ टक्के येतात. सुकट खारी असेल तर वेगळं मीठ घालू नका.

त्यानंतर शेवटपर्यंत:

मका ५५, कोंडा ३०, शेंगदाणा पेंड साडेबारा, खनिज मिश्रण २, मीठ अर्धा किलो. प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास. इथे सुकट मुद्दाम काढली आहे. शेवटपर्यंत मासळी खाऊ घातली तर चरबीला तिचा वास येतो आणि कितीही मसाला घातला तरी तो लपत नाही.

मका मिळाला नाही तर निम्म्यापर्यंत त्याच्या जागी तांदळाची कणी चालते. कोंडा मात्र ताजाच घ्या. तांदळाच्या कोंड्यातलं तेल महिन्याभरात खवट होतं आणि मग डुकरं दोणीला तोंड लावत नाहीत. पेंड आणि मका यांना पावसात बुरशी धरते. ती झटकून खाऊ घालण्यासारखी नसते, तिच्या विषाने यकृत बिघडतं आणि वाढ थांबते. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि जून ते सप्टेंबर एका वेळी तीन आठवड्यांपेक्षा जास्त खाद्य भरू नका.

कोकणात परसातून बरंच मिळतं. अळू आणि सुरण शिजवूनच, कच्च्याने तोंडाला खाज सुटून डुकरं खाणं टाकतात. फणसाच्या आठळ्या उकडून, भोपळा आणि रताळी चिरून, केळीचा कोवळा गाभा कापून. काजूची बोंडं ताजी असतील तर दिवसाला एखादा किलो द्यायला हरकत नाही, आंबलेली नको. काजूची टरफलं गोठ्याच्या जवळपासही टाकू नका, त्यांच्या तेलाने तोंड आणि घसा भाजतो.

कोरड्या मिश्रणाचं प्रमाण असं ठेवा. दहा-बारा किलोच्या पिल्लाला रोज अर्धा किलोच्या थोडं वर, वीस किलोला एक किलो, चाळीसला पावणेदोन, साठला सव्वादोन, ऐंशीच्या पुढे अडीच ते तीन किलो. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. वीस-पंचवीस मिनिटांत दोण साफ झाली तर प्रमाण बरोबर आहे, उरलं तर पुढच्या वेळी कमी करा. एक किलो वजन वाढायला साधारण साडेतीन किलो खाद्य लागतं. म्हणजे १२ किलोचं पिल्लू ८५ किलोचं करायला २५० किलोंच्या वर खाद्य, दोघांना ५००. तुमच्या बाजारातला दर याला गुणा, पिल्लांची किंमत मिळवा आणि १२० किलोंनी भागा. हा आकडा विकतच्या मांसाच्या दराजवळ जाईल हे गृहीत धरूनच सुरू करा. परसातलं जितकं जास्त वापराल, तितका तो खाली येईल.

आता जागा. दोघांसाठी आठ बाय सहा फूट छपराखाली आणि तेवढंच पुढे उघडं अंगण. जांभ्याचे चिरे उत्तम, पण आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा हवाच. उघडा चिरा डुकरं नाकाने उकरतात आणि त्याच्या भोकांत घाण बसते. तळाला कोबा घाला, खरखरीत, घोटलेला नव्हे. गुळगुळीत कोब्यावर पाय घसरून सांधे निखळतात. उतार दहा फुटांना साडेतीन-चार इंच, अंगणाकडे. छप्पर कौलांचं असेल तर चांगलंच. पत्रा असेल तर वर झावळ्या टाका. डुकराला घाम फारसा येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी अंगावर पाणी शिंपडावंच लागतं. धापा टाकत आडवं पडलेल्या डुकरावर एकदम गार पाणी ओतू नका, आधी सावली, मग पायांपासून वर ओलं करा. विलायती पांढऱ्या जातीची कातडी उन्हाने भाजते, हेही अंगण बांधताना लक्षात घ्या.

विहिरीचं मात्र नीट बघा. जांभ्याच्या जमिनीत भेगांतून पाणी झपाट्याने उतरतं. गोठा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि किमान पन्नास फूट लांब. मूत्र आणि धुण्याचं पाणी पक्क्या गटाराने बाजूच्या टाकीत न्या, मोकळ्या खड्ड्यात नको. शेजाऱ्यांची विहीर खाली असेल, तर जागा बदला.

वासाचं कारण ओल आहे. मूत्र आणि शेण एकत्र साचलं की अमोनिया सुटतो. रोज सकाळी शेण कोरडंच उचलायचं, मग कोबा धुवायचा, उलट नाही. दोन मोठ्या डुकरांचं दिवसाला पाच-सहा किलो शेण निघतं. ते पातेरा आणि पेंढ्याच्या थरांत रचून वरून माती लोटलीत तर तीन महिन्यांत खत होतं. ते नारळ-काजूच्या आळ्यात घाला, कोथिंबीर-मुळ्याच्या वाफ्यात नको. डुकरं स्वभावाने जागा ठरवून शेण टाकतात. पहिल्या दिवशी अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात थोडं शेण आणि पाणी टाकून ठेवा, बहुतेक वेळा तीच जागा धरतात. झोपायच्या बाजूला पेंढा कोरडा ठेवा. आणि बांधकामाआधी शेजाऱ्यांना जागा दाखवा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या. तक्रार झाल्यावर दाखला मिळवणं फार कठीण जातं.

पाणी निपलने (डुकराने तोंडात धरून दाबल्यावरच पाणी सोडणाऱ्या तोटीने) दिलंत तर सांडत नाही. मोठं डुक्कर दिवसाला आठ-दहा लिटर पितं. मिनिटाला लिटरभर धार पडते ना, तेवढं बघा.

पिल्लं घेताना आठ ते नऊ आठवड्यांची, दहा-बारा किलोची घ्या. दोन्ही एकाच विणीतली असली तर मारामारी होत नाही. नर घेणार असाल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खच्ची केलेलाच. खच्ची न केलेल्या नराच्या चरबीला वयात येताना उग्र वास येऊ लागतो आणि शिजवताना तो घरभर होतो. जातीचं म्हणाल तर लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा संकर सात महिन्यांत वजन गाठतो. स्थानिक काळं डुक्कर काटक असतं, परसातल्या खाण्यावर तगतं, चवीलाही अनेकांना तेच आवडतं, पण वाढ संथ. गोव्यातल्या काळ्या स्थानिक जातीची ‘अगोंदा गोवन’ या नावाने राष्ट्रीय नोंदणी झालेली आहे. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर काम चालतं. पिल्लं कुठून घ्यावीत हे तिथे किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. बाजारात फिरवून आणलेली पिल्लं घेऊ नका.

विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. पहिल्या आठवड्यात लोहाचं इंजेक्शन दिलं का? आईच्या दुधात लोह कमी आणि कोब्यावर माती नाही, त्यामुळे पिल्लं पांढरीफटक पडतात. कान उजेडात धरून बघा. दुसरं, स्वाइन फीव्हरची लस कधी दिली? ही लस जुन्या, भारतात कायम असलेल्या स्वाइन फीव्हरवरची आहे, आफ्रिकन रोगावर ती चालत नाही. दिलेली नसेल तर पिल्लं आणून आठ-दहा दिवस स्थिरावली की पशुवैद्यकांकडून घ्या. लाळ-खुरकुताची लसही त्यांनाच विचारा. पहिले तीन दिवस जुन्याच मालकाचं खाद्य, निम्म्या मापात, मग आठवड्याभरात नव्यावर आणा. एकदम बदललंत तर हगवण लागते.

जंताचं औषध आणल्यावर दोन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी. कान आणि काखेत खरूज दिसली तर आयव्हरमेक्टिन चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावं लागतं, डोस डॉक्टर वजनावरून ठरवतील. त्यानंतर किमान २८ दिवस त्या डुकराचं मांस खायचं नाही. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यानंतर कुठलंही औषध देताना नाताळची तारीख डॉक्टरांना आधी सांगा.

ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या वर, कान-पोटावर लाल-जांभळे डाग, दोन्ही डुकरं एकदम खाणं सोडतात, यांतलं काही दिसलं तर कापून खायची घाई करू नका. दवाखान्याला कळवा, गोठ्यातून काही बाहेर नेऊ नका. गोठ्यात जायचे बूट वेगळे ठेवा आणि साफसफाई गमबूट घालूनच करा. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो आणि डुकराच्या मूत्रातूनही तो पसरतो. भातखाचरांजवळच्या डासांमुळे जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो, म्हणून संध्याकाळी गोठ्याला जाळी लावा आणि झोपायच्या खोलीपासून गोठा लांब ठेवा.

नाताळच्या आठवड्यात ८५ किलो हवं असेल तर पिल्लं मेच्या मध्याला घरात हवीत, म्हणजे एप्रिलअखेर कोबा वाळलेला हवा. दिवसाला सरासरी ३५० ग्रॅम वाढ लागते, वरच्या मिश्रणावर ती सहज येते. वजन फितीने काढा, सकाळी उपाशीपोटी. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९. घेर एक मीटर आणि लांबी एक मीटर दहा सेंटिमीटर असेल तर वजन साधारण ७६ किलो. महिन्यातून एकदा मापा. सलग दोन महिने वाढ दहा किलोपेक्षा कमी असेल तर जंत किंवा प्रथिनं, या दोनांपैकी काहीतरी चुकतं आहे. ९० किलोच्या पुढे ठेवण्यात फायदा नाही, खाद्य चरबीतच जातं.

कापण्याआधी पशुधन अधिकाऱ्यांना जनावर दाखवा आणि तुमच्या हद्दीत घरगुती कत्तलीला काय परवानगी लागते ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. आधी बारा तास खाणं बंद, पाणी चालू. पळवू नका, मारहाण नको. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या डुकराचं मांस फिकट, पाणचट होतं. अनुभवी खाटीक बोलवा, आधी बेशुद्ध करायचा आग्रह धरा आणि दुसरं डुक्कर तिथे बघत उभं नसावं.

केस काढायला पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस. उकळतं पाणी आणि विहिरीचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की तिथे पोचतं, तरी थर्मामीटर घाला. पाच-सहा मिनिटांत कानामागचे केस चिमटीत निघायला हवेत. याहून गरम झालं तर चामडी शिजते आणि केस तिथेच अडकतात. आतडी काढताना गुदाचं टोक आधी दोरीने बांधा, पित्ताची पिशवी यकृतापासून अखंड उचला. जीभ, हृदय आणि मांड्यांचं मांस कापून उजेडात बघा. पांढरे दाणे दिसले तर ते डुक्कर खायचं नाही. अधिकाऱ्यांना दाखवून, चुना टाकून खोल पुरायचं. दाणे दिसले नाहीत तरी मांस आतपर्यंत शिजवायचं, गुलाबी ठेवायचं नाही.

आपल्या हवेत मांस बिघडतं ते थंड व्हायला लागणाऱ्या वेळात. पहाटे चारला काम सुरू करा, उन्हं यायच्या आत दोन-तीन किलोचे तुकडे होऊ द्या आणि मांसाएवढाच बर्फ तयार ठेवा. तुकडे बर्फात पसरून, वितळलेलं पाणी काढत राहा. कोमट मांस फ्रीजमध्ये कोंबलंत तर मधले तुकडे दुसऱ्या दिवशीही कोमटच राहतात आणि हाडाजवळून आंबतात. दोन्ही डुकरं एकाच दिवशी कापू नका. एक नाताळला, दुसरं जानेवारीत. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये कमी चरबीचं मांस पाच-सहा महिने टिकतं, चरबीचं दोन-तीन महिन्यांत खवट होतं, म्हणून चोरीस (गोव्याकडचं मसालेदार सॉसेज) आणि खारवलेल्या मांसासाठी चरबीचे तुकडे आधी वापरा.